आम्ही म्हणजे मीच

आमचे सासरे स्वतःला 'आम्ही' म्हणतात. एकटे असले तरी. आंघोळीला निघाले की "आम्ही आंघोळीला जातोय" असं सांगून जातात, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात, "सगळ्यांना पुरेल ना पाणी?" मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी खालच्या कारखान्यातून हाक आली, "सूनबाई, आम्हाला चहा!" मी बापडीने मोठं पातेलं चढवलं. ट्रेमध्ये कप मांडून जिना उतरून बघते, तर भुशाच्या ढिगाशेजारी सासरे एकटेच. कानाला पेन्सिल, पुढ्यात अर्धी रंधलेली फळी.

"बाकीचे कुठे गेले?" मी विचारलं.

"कोण बाकीचे?" ते म्हणाले, आणि एक कप उचलून कामाला लागले. उरलेला चहा मी आणि सासूबाई दुपारपर्यंत गरम करून पीत होतो. तेव्हाच आमची मैत्री झाली.

त्यांच्या या सवयीवर सगळी गल्ली हसते. समोरचा न्हावी तर शपथेवर सांगतो, की पहिल्यांदा "आमची दाढी करा" ऐकून त्याने दुसरी खुर्ची पुसायला घेतली होती. पण यात मोठेपणाचा वास नाही. राजेमहाराजे म्हणत असतील 'आम्ही' ते तोऱ्यात. आमच्या सासऱ्यांना 'मी' म्हणायची लाज वाटते. 'आम्ही'च्या गर्दीत मागच्या रांगेत उभं राहून बोललं की त्यांना बरं वाटतं. माणूसच तसा आहे. लग्नाच्या फोटोतसुद्धा सासूबाईंच्या मागे अर्धे लपलेत.

ते सुतार. घराखालीच कारखाना. आमच्या चर्चमध्ये लाकडाचं जे काही आहे, बाकं, गुडघे टेकायच्या फळ्या, दारं, त्यावर कधी ना कधी त्यांचा हात फिरलाय. मुख्य वेदीसुद्धा त्यांनीच हलवली, आणि तीही दोनदा. ती गंमत कळायला आमचे दोन फादर आधी कळले पाहिजेत.

आमच्याकडे एक जुने फादर आहेत आणि एक नवे फादर. जुने फादर नव्या मताचे आहेत आणि नवे फादर जुन्या मताचे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हे समजावताना आमची दमछाक होते. जुने फादर आता निवृत्त. चर्चमागच्या खोलीत राहतात, काठी टेकत चालतात, भिंतीवर गिटार टांगलेली. ते तरुण होते तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये चालायची आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून उभे राहायचे. मग वरून बदलाचं वारं आलं आणि या फादरांनी खिडक्याच काढून ठेवल्या म्हणा ना. वेदी भिंतीपासून सोडवून पुढे आणली, आपल्या भाषेत प्रार्थना आणली, बायकांना वाचनाला उभं केलं, आणि गिटार घेतली ती अजून सोडली नाही. त्यांचं म्हणणं सोपं: देव दरबार भरवून बसलेला नाही, तो जेवायला बसलाय, तुम्हीही बसा.

नवे फादर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. शिकलेले, बारीक चणीचे, झग्याला हातभर झालर. त्यांनी आल्या आल्या वेदी पुन्हा भिंतीला लावायची ठरवली आणि रविवारची एक मिस्सा लॅटिनमध्ये सुरू केली. आता बघा गंमत. त्या मिस्सेला पोरंपोरी तोबा गर्दी करतात, ज्यांना त्यातलं अक्षर कळत नाही. आणि म्हाताऱ्या मंडळींना ती नको असते, कारण त्यांनी लहानपणी तेच लॅटिन चुकलं म्हणून मार खाल्लेला आहे.

वेदी परत मागे न्यायला सासऱ्यांनाच बोलावणं आलं. त्यांनी पट्टी लावली, गुण्या लावला, आणि मग अगदी साधेपणाने म्हणाले, "फादर, देव नक्की कुठल्या बाजूला बसलाय ते एकदा ठरवा. आम्ही तसं फिरवतो. नाहीतर असं करू, या वेळी खाली चाकंच लावून देतो."

नवे फादर हसले नाहीत. म्हणजे हसू आलं होतं, पण झालरीत लपवलं.

मी फार शिकलेली नाही. मराठी शाळेत गेले, पुढे घर. भांडी घासता घासता मनात जपमाळ म्हणते, तेवढीच माझी भक्ती. या दोघांच्या भांडणात मला दोघांचंही पटतं, हीच माझी पंचाईत. जुन्या फादरांच्या मिस्सेत वाटतं, आपण माहेरी आलो. नव्यांच्या मिस्सेत त्या शांततेत गुडघे टेकले की वाटतं, देव आपल्यापेक्षा मोठा आहे बुवा. दोन्ही खरंच असणार. पण हे चर्चच्या दारात बोलायची सोय नाही. दोन्हीकडचे लोक अंगावर येतात.

आता सासऱ्यांच्या जिव्हाळ्याच्या वस्तूकडे येते. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे ना, त्याच्यावरचं लाकडी झाकण त्यांनी बनवलंय. सागवानी, घुमटासारखं, वर छोटं कबुतर. कबुतर कोंबडीसारखं झालंय, पण ते आता सगळ्यांच्या सवयीचं आहे. खाली पाणी असल्यामुळे झाकणाचं लाकूड फुगतं आणि ते घट्ट बसतं. मग डाव्या बाजूला तळहाताने एक थाप मारून, जरा फिरवून उचलावं लागतं. हे सासऱ्यांशिवाय कुणी शिकून घेतलं नाही, त्यांनीही शिकवलं नाही. त्यामुळे कुणाच्याही बाळाचा बाप्तिस्मा असला की हे धुतलेला शर्ट घालून हजर. थाप मारायची, झाकण काढायचं, आणि ते पोटाशी धरून खांबामागे उभं राहायचं. पाणी पडून पोर रडलं की यांचा चेहरा असा खुलतो, जणू पोर यांनीच जन्माला घातलंय.

तर माझ्या नणंदेला मुलगी झाली, तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी ते झाकण घरी आणलं आणि पॉलिशला घेतलं. कबुतराची चोचसुद्धा नीट केली. म्हणजे कोंबडीची.

अडचण जावयांची होती. जावई फ्रीज दुरुस्त करतात. माणूस लाखातला, पण आधीचं एक लग्न मोडलेलं, आणि देवाबद्दल विचारलं तर प्रामाणिकपणे खांदे उडवणारा. त्यामुळे नणंदेचं लग्न चर्चमध्ये झालं नव्हतं, कचेरीत सह्या करून झालं होतं. सासूबाई तेव्हा आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. मग त्यांचा फ्रीज बिघडला, जावयांनी येऊन तो दुरुस्त केला, आणि समेट झाला.

आम्ही सगळे नव्या फादरांच्या ऑफिसात गेलो. टेबल, पंखा, प्लास्टिकच्या खुर्च्या. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि जावयांना विचारलं, "मुलीला श्रद्धेत वाढवाल?"

"फादर, मला खोटं बोलायला लावू नका," जावई म्हणाले. "मी मानत नाही. पण हिला अडवणारही नाही."

"तुमच्या प्रामाणिकपणाचा मला आदर आहे," फादर म्हणाले, "पण त्याने माझं काम अवघड झालं."

"पोरीचा काय दोष?" नणंद तडकली.

"दोष नाही, ताई. पण बाप्तिस्मा म्हणजे फोटो काढून घरी जायचं असं नाही. रोप लावायचं आणि पाणी घालणारं कुणी नसेल, तर तो रोपावरच अन्याय आहे. मी नाही म्हणत नाहीये. पुढे ढकलतोय. आधी तुमच्या लग्नाचा प्रश्न सोडवू. पहिल्या लग्नाची चर्चच्या कोर्टात चौकशी होईल…"

"ती किती चालेल?"

फादर पंख्याकडे बघायला लागले.

 सासरे उठताना एवढंच म्हणाले, "आम्ही झाकण पॉलिश करून ठेवलंय." इतक्या हळू म्हणाले, की मला तिथेच रडू फुटलं असतं.

तिथून थेट जुन्या फादरांकडे. ते चिडले, काठी आपटली. "आणा तिला इकडे! माझ्या बादलीत देतो बाप्तिस्मा! परमेश्वर काय लग्नाचे दाखले तपासतो?" मग जरा शांत झाले आणि खाली बसले. "पण बिशपांना मी शब्द दिलाय, परवानगीशिवाय कुठलाही संस्कार करणार नाही म्हणून. मागे त्या बागेतल्या मिस्सेनंतर द्यावा लागला."

"नकोच, फादर," सासरे म्हणाले. "चोरून कशाला? आम्ही काय चोरी केलीय? आम्हाला नातीसाठी ते झाकण उघडायचंय. सगळ्यांसमोर."

एवढंच त्यांना हवं होतं. झाकण गुंडाळून कारखान्यात फळीवर ठेवलं गेलं आणि ते कामाला लागले. पण रंधा मारताना गुणगुणायचे ते बंद झालं. सासूबाई मला म्हणाल्या, "आम्ही आम्ही करणारा माणूस अगदी एकटा पडलाय गं."

मग ते घडलं. भरदुपारची वेळ. नणंद आंघोळीला गेली होती. सासूबाई नुकतीच न्हाऊ घातलेली, पोट भरलेली पोर घेऊन खाली कारखान्यात गेल्या, "आजोबांना दाखवते" म्हणून. मी मागून चहा घेऊन जिन्यात होते. अचानक पोरीच्या नाकातोंडातून दूध आलं आणि तिचा आवाजच बंद झाला. चेहरा निळा पडायला लागला. सासूबाईंनी तिला पालथी घालून पाठीवर थापट्या मारल्या. काही नाही. माझ्या हातातला ट्रे कधी पडला ते मला कळलं नाही.

सासऱ्यांच्या बाकावर पटाशीला धार लावायचा दगड भिजत ठेवलेला असतो, पत्र्याच्या डब्यात. त्यांनी दगड बाहेर फेकला, डबा उचलला आणि ते पाणी पोरीच्या डोक्यावर ओतलं. आणि मोठ्याने, मी त्यांचा इतका मोठा आवाज कधी ऐकला नव्हता, म्हणाले, "आम्ही तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो!"

थंडगार पाण्याने पोर दचकली, एक मोठा आचका दिला, अडकलेलं दूध बाहेर आलं, आणि तिने जो काय सूर लावला! असा सूर चर्चमध्ये गाणाऱ्या आमच्या कोयरला आजवर लागलेला नाही.

सासरे भुशात मटकन बसले. सासूबाई पोरीला छातीशी धरून रडत होत्या. मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि ओरडल्या, "अहो, सगळा भुसा अंगावर! आत्ता आंघोळ घातली होती मी!"

डॉक्टरांनी तपासलं, पोर ठणठणीत होती. संध्याकाळच्या आत सासरे नव्या फादरांच्या दारात उभे. सोबतीला मी. माझे यजमान सोबत येणार होते, पण त्यांना आपलं दुकान सोडता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाच जायचं होतं.

"फादर, आम्ही नातीला बाप्तिस्मा दिला."

फादर ताडकन उठले. "कुणी कुणी?"

"आम्ही."

"म्हणजे किती जणांनी?"

मी मध्ये पडून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता फादरांचा चेहरा पालटला. त्यांनी पुढे येऊन सासऱ्यांचे दोन्ही हात धरले. "काका, तुम्ही अगदी योग्य केलंत. जीव जात असताना कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. ही फार जुनी शिकवण आहे. पाणी पाहिजे, शब्द पाहिजेत, मनात चर्चचा हेतू पाहिजे. बस्स. तुमची नात आता ख्रिस्ती आहे. तिला कुणी अडवू शकत नाही. मीसुद्धा नाही." त्यांचे डोळे खरंच भरले होते. झालरवाला माणूस आत असा असेल हे मला ठाऊक नव्हतं. "शब्द काय म्हणालात?"

सासऱ्यांनी छाती काढून सांगितलं. "आम्ही तुला पित्याच्या…"

फादरांनी हात सोडले.

"आम्ही?"

"आम्ही."

फादर खुर्चीत बसले आणि त्यांनी कपाळ धरलं. मग हळूहळू आम्हाला समजावलं. काही ठिकाणी नव्या विचाराच्या धर्मगुरूंनी 'मी'च्या जागी 'आम्ही' म्हणायला सुरुवात केली होती. म्हणजे आई-बाप, आजी-आजोबा, जमलेले सगळे मिळून आम्ही तुला बाप्तिस्मा देतो, असं. ऐकायला गोड. पण रोमहून निवाडा आला, की हे चालणार नाही. असा दिलेला बाप्तिस्मा झालाच नाही. कारण तिथे सभा बोलत नाही, एक प्रभू बोलतो, त्या एका माणसाच्या तोंडून.

"अहो, पण आम्ही म्हणजे मीच की!" सासरे कळवळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फादर चौकशीला घरी आले. शिस्तीचा माणूस. खाली कारखान्यातच बसले, ओंडक्यावर रुमाल अंथरून. सासूबाईंना विचारलं, "काका नेहमीच स्वतःला आम्ही म्हणतात?"

"मला मागणी घालायला आले तेव्हा म्हणाले, आम्हाला तू आवडतेस. मी मागे वळून बघितलं, अजून कोण कोण आलंय ते."

न्हाव्याला हाक मारून बोलावलं. त्याने खुर्चीची गोष्ट सांगितली. मी चहाची सांगितली. फादर डब्यात वाकून बघत होते.

"पाणी स्वच्छ होतं?"

"धारेच्या दगडाचं होतं," सासरे म्हणाले. "थोडा भुसा असेल."

"किती भुसा? म्हणजे पाण्यात भुसा, की भुशात पाणी?"

तेवढ्यात काठीचा आवाज आला. जुने फादर कुणाकडून तरी ऐकून तरातरा आले होते. दारातूनच सुरू झाले. "अरे, पोर मरत होती आणि तू व्याकरण तपासतोयस? परमेश्वर काय शाळामास्तर आहे, 'मी' लिहा 'आम्ही' खोडा?"

"फादर, व्याकरणाचा प्रश्न नाही," नवे फादर उठून उभे राहत म्हणाले. वडीलधाऱ्यांसमोर बसून बोलत नाहीत, हे त्यांचं मला आवडतं. "ही वस्तू आपली नाही. आपल्याला कुणीतरी विश्वासाने दिलेली आहे. तिला आपल्या आवडीप्रमाणे कातर लावायला आपण कोण? आज शब्द बदलला, उद्या पाण्याऐवजी गुलाबपाणी वापरू."

"आणि माणसं? ती आपली नाहीत का? सगळे मिळून एका लेकराला कुशीत घेतात, त्याला 'आम्ही' नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

"कुशीत घेताना म्हणा ना! पाणी ओतताना नको."

"तुझा देव एवढा चिकित्सक आहे?"

"तुमचा एवढा विसराळू आहे?"

सासरे दोघांच्या मध्ये पटाशी घेऊन उभे, आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे. शेवटी न राहवून म्हणाले, "फादर, आम्हाला एक कळत नाही. लहानपणापासून चर्चमध्ये ऐकतोय, मीपणा सोडा, मीपणा सोडा. आम्ही सोडला. आता म्हणता, सोडला म्हणून बाप्तिस्मा झाला नाही."

दोन्ही फादरांनी एकमेकांकडे बघितलं. मग जुने फादर इतके हसले की त्यांना स्टुलावर बसवावं लागलं.

सासूबाई मात्र वेगळ्याच विचारात होत्या. त्यांनी अगदी सहज, पोरीचं अंगडं घडी करता करता विचारलं, "पण फादर, तुमच्या बाप्तिस्म्याच्या वेळी काय म्हणाले होते, मी का आम्ही? कुणी नीट ऐकलं होतं का हो?"

"म्हणजे काय, ऐकलंच असणार," नवे फादर म्हणाले. पण निघताना ओंडक्यावरचा रुमाल विसरून गेले.

पुढचे काही दिवस आमच्याकडे सराव चालला. पुन्हा वेळ आलीच तर असावा म्हणून सासूबाईंनी नवऱ्याला 'मी' शिकवायला घेतलं.

"म्हणा, मी जेवतो."

"आम्ही मी जेवतो."

"अहो, नुसतं मी!"

"मी… आम्हाला नाही जमत बुवा. चारचौघांत शर्ट काढल्यासारखं वाटतं."

"नातीसाठी काढा."

मग ते खाली रंधा मारताना एकटेच पुटपुटायचे. मी, मी, मी. गिऱ्हाईकं दारातून परत जायची. एकदा जावई आले आणि त्यांनीही सरावाला मदत केली. "बाबा, मोटार चालू करताना कसं, आधी हिसका लागतो. तसं जोरात म्हणा." आणि दोघं जोरजोरात 'मी' म्हणत बसले, एक देव मानणारा, एक न मानणारा. सासूबाई मला म्हणाल्या, "बघितलंस? चर्चला जात नाही म्हणे!"

रविवारच्या आधी नवे फादर आले. या वेळी चहा मागून घेतला. थोडे खजील दिसत होते.

"मी माझ्या आईला फोन केला," ते म्हणाले. "विचारलं, माझ्या बाप्तिस्म्याला धर्मगुरू काय शब्द म्हणाले. आई म्हणाली, मेल्या, तू एवढा किंचाळत होतास की कुणाला काही ऐकूच आलं नाही. वडिलांना विचारलं, तर ते बाहेर गाडी लावत होते."

 सासूबाईंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"म्हणजे तुमचापण…" सासरे काळजीने म्हणाले.

"नाही, काका. तसा ठोस पुरावा नसेल तर झाला असंच चर्च धरून चालतं. तोही नियमच आहे. पण मी त्या रात्री पहिल्यांदा फक्त विश्वासावर झोपलो." कप खाली ठेवून ते सरळ बसले. "तुमच्या नातीचं म्हणाल, तर तिथे संशय आहे. आम्ही म्हणजे मीच होता, असं मला वाटतं. पण शब्द चुकला, पाणी भुशाचं. संशय असला की एकच वाट असते. 'जर' लावून पुन्हा द्यायचा. जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो. असं."

"आणि आमच्या लग्नाचं?" नणंदेने धसक्याने विचारलं.

"त्याची चौकशी चालू राहील, ताई. पण ही पोर कदाचित आधीच आतली आहे. आतल्या लेकराला मी दाराबाहेर उभं करू शकत नाही. फक्त तिला वाढवायची हमी कुणीतरी द्यायला हवी, आणि या घरात मी जेवढ्या वेळा आलोय…" ते थांबले. "मला वाटतं, पाणी घालणारं कुणीतरी आहे."

जुन्या फादरांना कळल्यावर ते खुशीत म्हणाले, "शेवटी देव नियमाच्या फटीतूनच आत आला ना?"

नव्यांनी ताबडतोब परतवलं, "नियम होता म्हणून फट होती, फादर. तुमच्यासारखी भिंतच पाडली असती, तर फट कुठून आणली असती?"

रविवारी आम्ही सगळे कुंडाभोवती जमलो. जुने फादर गिटार घेऊन आले होते; नव्यांनी ती बाकाखाली ठेवायला लावली, बाहेर ठेवायला नाही. सासऱ्यांनी धुतलेला शर्ट घातला होता. त्यांनी झाकणाच्या डाव्या अंगाला थाप मारली. ते हललं नाही. नव्या पॉलिशने आणखी घट्ट बसलं होतं. दुसरी थाप मारली.  मग त्यांनी कबुतराकडे अशा नजरेने बघितलं, की झाकणाच्या जागी मी असते तर आपोआप उघडले असते. तिसऱ्या थापेला ते कुरकुरत निघालं. ते पोटाशी धरून सासरे सवयीने खांबामागे जायला निघाले, तर फादर म्हणाले, "काका, आज पुढे उभे राहा."

पोरीच्या डोक्यावर पाणी पडलं. 'जर'सकट सगळे शब्द नीट, सावकाश, एकेक. सगळ्यांना ऐकू जातील असे. पोर रडली नाही, फक्त फादरांच्या झालरीची कड मुठीत धरून बसली.

मग फादरांनी विचारलं, "या लेकराला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी कोण घेतंय?"

सासऱ्यांनी श्वास घेतला. मान ताठ केली. आणि त्यांनी असा हिसका देऊन, असा दणदणीत आवाज काढला, की वरची कबुतरं, म्हणजे खरी, फडफडून उडाली.

"मी!"

सासूबाईंनी कोपर मारलं. "अहो, इथे आम्ही म्हणायचं ना! एकटेच वाढवणार आहात का? आणि आम्ही काय झाकणं उचलायची?"

सासरे गोरेमोरे झाले. फादरांकडे बघत राहिले. फादर आता मात्र उघड हसत होते, झालर पोरीच्या मुठीत असल्यामुळे लपवायला काही उरलं नव्हतं.

"काका, इथे आम्हीच म्हणायचं. इथे तेच बरोबर."

मग आम्ही सगळे म्हणालो, "आम्ही." जावई बुटांकडे बघत उभे होते, पण त्यांचे ओठ हलले. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी नाकबूल केलं असतं.

मंडळी पांगायला लागली. सासरे झाकण हातात धरून तिथेच घुटमळत होते. मग हळूच फादरांच्या जवळ गेले.

"फादर, हे आता नक्की ना? कुठे आम्ही, कुठे मी… उद्या पुन्हा कुणी वरून बदलणार नाही ना?"

नव्या फादरांनी जुन्या फादरांकडे बघितलं. ते बाकाखाली वाकून गिटार शोधत होते.

"तुम्ही झाकण लावा, काका," फादर म्हणाले.